सुमनअक्काचं शून्य

फणसखोलच्या सरकारी दवाखान्यात औषधाच्या कपाटाशेजारी एक खिळा आहे, आणि त्या खिळ्याला सुतळीनं बांधलेलं एक रजिस्टर लोंबकळत असतं. त्याच्यावर कानडीत लिहिलंय, 'चुका आणि अनपेक्षित घटना'. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी सुमनअक्का ते खिळ्यावरून काढायची, फुंकर मारून धूळ उडवायची आणि घटनेच्या रकान्यात एक गोल काढायची. शून्य. की रजिस्टर परत खिळ्याला. बावीस वर्षं झाली या कामाला. दोनशे चौसष्ट शून्यं होतात, आणि त्यातलं प्रत्येक आपल्या हातानं काढल्याचा अक्काला अभिमान होता. जोयडा तालुक्यात एवढं स्वच्छ रजिस्टर दुसरं नाही, असं ती रामनगरला माहेरी गेली की भावजयीला सांगायची. भावजय बिचारी मान हलवायची. तिला काय कळतंय!

आता बावीस वर्षांत काही चुकलंच नाही का? चुकलं की. माणसं काम करणार म्हटल्यावर चुकणारच. पण अक्काकडे प्रत्येक चुकीला एक नाव होतं आणि ते नाव कधी 'चूक' नसायचं. स्ट्रेचरचं चाक निखळून म्हातारा खाली आला, तर रुग्णाच्या कागदावर 'रुग्ण स्वतः उतरला'. गणेशगुडीला नदीत बोट उलटून एका पाहुण्याच्या उजव्या गुडघ्याला लागलं आणि पट्टी बांधली गेली डाव्याला, तर 'दोन्ही गुडघ्यांची काळजी घेतली'. कुळगीच्या कॅम्पातून तापानं फणफणलेली शाळकरी मुलं आणली आणि थर्मामीटर आठवडाभर बंद, तर 'हात लावून तपासले'. खोटं एक अक्षर नाही हो. नुसतं खरं जरा नीट घडी घालून ठेवलेलं.

आणि बाई लबाड होती म्हणाल तर तसंही नाही. नर्स म्हणून ती इथं आली तेव्हा या दवाखान्यात बाळंतपणाची खोली नव्हती. कळा सुरू झाल्या की बाईला खुर्चीत बसवून डोंगर उतरवायचा आणि मग घाटातून बत्तीस किलोमीटर जोयड्याला न्यायचं. दोघीतिघी वाटेतच बाळंत झाल्या. अक्कानं अर्ज करकरून अधिकाऱ्यांचं डोकं उठवलं, शेवटी कंटाळून त्यांनी टेबल दिलं, दिवा दिला, खोली दिली. त्या खोलीत आजवर सहाशे अकरा पोरं जन्मली. त्यातली निम्मी आता रस्त्यात भेटली की अक्काला हात करतात, आणि अक्का त्यांना त्यांचं जन्मतानाचं वजन सांगते. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला चारचौघांत हे ऐकायला कसं वाटत असेल याचा ती विचार करत नाही.

तर अशा या दवाखान्यात गेल्या श्रावणात डॉक्टर शिल्पा आल्या. धारवाडच्या, वयानं तिशीच्या आत, आणि हातात कायम एक पेन. चार महिने त्या गप्प बघत होत्या. डिसेंबरात त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की जानेवारीच्या शेवटच्या सोमवारी जिल्ह्याची तुकडी दर्जा तपासायला येणार, आणि जो दवाखाना कसोटीला उतरला नाही तिथली बाळंतपणाची खोली बंद करून बायकांना तालुक्याला पाठवायचं असं वरती चाललंय. अक्कानं छाती पुढं काढून रजिस्टर खिळ्यावरून उतरवलं आणि टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, मग एकदम पन्नास पानं उलटली.

"सिस्टर री," त्या धारवाडी अदबीनं म्हणाल्या, "हे बघून ते आपल्याला नापास करतील."

अक्काला वाटलं, पोरीला कानडीतलं शून्य वाचता येत नाही की काय. पण डॉक्टरांनी समजावून सांगितलं. बावीस वर्षं जिथं एकही चूक झाली नाही, तिथं चुका होत नाहीत असं कोणी समजत नाही. तिथं चुका झाकतात असं समजतात. चूक लिहिली तर ती का झाली ते कळतं, पुन्हा होऊ नये म्हणून काही करता येतं. कोणाला शिक्षा करायची नाही. फक्त खरं लिहायचं. नाहीतर खोली गेली.

अक्काला त्या दिवशी जेवण गेलं नाही. ज्या शून्यांसाठी बावीस वर्षं जपून चालली, तीच आता तिच्या खोलीच्या मुळावर आली होती. याला काय म्हणायचं सांगा!

पहिली बैठक झाली. डॉक्टरांनी विचारलं, कोणाकडून काही चुकलंय का? औषधं देणारा गणपती छताकडे बघत राहिला. शिपाई धाकलूमामा जमिनीकडे बघत राहिला. दोघांच्या नजरा मध्ये कुठं भेटल्या नाहीत. मग डॉक्टरांनी एक खोका लटकवला, नाव न घालता चूक लिहून टाका म्हणून. आठ दिवसांनी उघडला तर आत तीन चिठ्ठ्या निघाल्या. एकीत बाहेरच्या बाकाला ढेकूण झाल्याची तक्रार होती, दुसरीत उळवीच्या जत्रेला जादा बस सोडावी अशी विनंती होती, आणि तिसरी कोरी होती. कोरी गणपतीची, हे त्याच्या तोंडावरून कळत होतं.

मग अक्कानं ठरवलं, आपणच करू. एका दुपारी बसून तिनं एका शाईनं, एका बैठकीत दहा चुका लिहून काढल्या. 'खुर्ची पडता पडता वाचली.' 'पाण्याची बादली सांडली, कोणी घसरले नाही.' 'दोन तारखेला टेबलाचा कोपरा लागता लागता राहिला.' डॉक्टरांनी वाचलं आणि फार सौम्यपणे विचारलं, दोन तारखेला तुम्ही रजेवर होता ना? अक्का खूप ओशाळली. खोटी चूक करणंसुद्धा तिला जमलं नव्हतं.

अशा वेळी धाकलूमामा बोलला. धाकलूमामा दवाखान्यात शिपाई, पण गावात गावकर. म्हणजे गावदेवापुढं गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. फणसखोलात मळणी संपली की पुढच्या रविवारी सगळी घरं देवाच्या चव्हाट्यावर जमतात. ज्याचं वर्षभरात काही चुकलं असेल त्यानं यायचं आणि गावकराच्या कानात सांगायचं. गावकर ते मोठ्यानं देवाला सांगणार, पण नाव घेणार नाही. लोक 'व्हय म्हाराजा' म्हणणार. संपलं. त्यावरून पुन्हा कोणी भांडायचं नाही, टोमणा मारायचा नाही. कोणाच्या गुरांनी कोणाचं भात खाल्लं, कोणाच्या हातून मधाचं पोळं जळालं, सगळं तिथं निघतं. ऐकणाऱ्याला कोणाचं ते कळतंच. पण कळूनही न कळल्यासारखं करायचं हीच तर रीत.

"म्याडम," मामा म्हणाला, "खोक्यात कोण घालतंय? देवाला सांगतील."

डॉक्टरांचे डोळे चमकले, आणि अक्कानं रजिस्टर आपल्याकडे ओढून घेतलं. दवाखान्याच्या चुका गावासमोर? पण खोली जाण्यापेक्षा ते बरं, असं मनाशी म्हणत ती तयार झाली.

रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, अक्काला कारवारला प्रशिक्षणाला जावं लागलं. विषय होता, 'आरोग्यसेवेतील जोखीम'. दिवसभर थंडगार खोलीत बसून तिनं जोखमीचे पाच प्रकार वहीत उतरवून घेतले, मुक्काम केला आणि रविवारी सकाळच्या बसनं थेट चव्हाट्यावर उतरली. नऊ वाजले होते. वडाखाली पंधरावीस घरांची माणसं बसलेली, बायका एका अंगाला, डॉक्टर दगडावर पेन उघडून तयार. धाकलूमामा डोक्याला टॉवेल गुंडाळून देवाच्या शिळेपुढं उभा. दवाखान्यात नळ बदलताना दिसणारा मामा तो हा नव्हेच. आवाज बदललेला, मान ताठ.

आधी घरांच्या चुका झाल्या. मग मामानं सांगितलं की यंदा म्याडमच्या सांगण्यावरनं दवाखान्याचंबी आणायचं. मग सावित्रीबाय उठली. गावातली सगळ्यात म्हातारी, तिला कोणाचं भय! मामाच्या कानाशी कुजबुजली आणि मामानं देवाकडे तोंड केलं.

"बा म्हाराजा, कुणा एकानं खोकल्याचं औषध अंगाला लावलं, आणि अंगाला लावायचं औषध पेलं. बाटल्या एकसारख्या हुत्या, एका फळीवर हुत्या. माणूस वाचलं. खोकलाबी गेला. चुकलं म्हणून पदरात घे."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. गणपतीचे कान लाल झाले आणि तो हळूच उठून मामाच्या कानाकडे निघाला. एकदा बांध फुटल्यावर मग काय! रांग लागली. रक्तदाब मोजायचं यंत्र सहा महिने सगळ्यांना एकच आकडा दाखवत होतं, आणि तो चांगला आकडा असल्यामुळं कोणी तक्रार केली नव्हती. एका बाईला दुसरीच्या नावाची सोनोग्राफीची चिठ्ठी गेली होती आणि तिच्या सासूनं जुळी होणार म्हणून गावभर सांगितलं होतं. रातीला बाळंतपणाच्या खोलीतला दिवा गेला तेव्हा मोबाईलच्या उजेडात काम झालं आणि मोबाईल ऐन वेळी वाजायला लागला होता. मध्येच धाकलूमामा थांबला. कोणी पुढं आलं नव्हतं. त्यानं स्वतःचाच हात स्वतःच्या कानाशी नेला, जरा ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाला, "बा म्हाराजा, कुणाच्या तरी हातानं लशीच्या फ्रिजात कोकम सरबताच्या बाटल्या ठेवल्या गेल्या. जत्रा हुती. उन्ह हुतं. चुकलं."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले, आणि नेहमीपेक्षा जरा जोरातच म्हणाले.

डॉक्टर भराभरा लिहीत होत्या. आणि मग त्याही उठल्या. मामानं सांगितलं की कुणा शिकलेल्या माणसानं पाच महिने सगळ्यांना दिवसातून तीनदा जेवणानंतर गोळी लिहून दिली, आणि ह्या गावात माणसं जेवतात दोनदा, हे त्या माणसाला काल कळलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. अक्कालाही हसू आलं. तिला आता बरं वाटायला लागलं होतं. बघता बघता एकवीस चुका झाल्या होत्या, सगळ्या खऱ्या, आणि त्यात तिचं नाव कुठं नव्हतं. दिव्याची चूक तिचीच होती म्हणा, पण तेवढं चालतं. खोली वाचली, असं तिनं मनातल्या मनात म्हटलंसुद्धा.

तेवढ्यात यमुना उठली. चाळिशीची, वासूची बायको, वासू जंगलखात्याच्या कामावर जातो. पायाला फडकं बांधलेलं होतं, लंगडत आली. तिनं मामाच्या कानात बराच वेळ सांगितलं. मामानं मान हलवली.

"बा म्हाराजा, कुणी एक बाईमाणूस नऊ वर्सांमागं उपाशीपोटी दवाखान्यात गेलं. सोमवार हुता. इंजेक्शन घेतल्यावर पडलं, सिस्टरला लई तरास झाला. उपाशी गेलं ही त्या बाईची चूक. त्या पायी तिनं सोमवार सोडलं, तुझ्या भावाचं, कवळ्याच्या महादेवाचं सोमवार. तीबी चूक. आता तिच्या पायात परत बांबूचा धस गेलाय. काल म्याडमनी गोळ्या दिल्यात. ह्या खेपेला बाई पोटभर जेवून आलीय. तुला सांगून मग गोळी घेणार. सांभाळ म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

अक्का म्हणाली नाही.

नऊ वर्षांमागं काय झालं होतं ते या जगात एकट्या सुमनअक्काला ठाऊक होतं. उळवीच्या जत्रेचे दिवस, दवाखान्यात ही गर्दी, बाहेर बस हॉर्न मारतेय. यमुनेच्या पायात धस गेलेला. पेनिसिलिनचं इंजेक्शन देण्याआधी विचारायचं असतं, थोडंसं टोचून थांबायचं असतं, अंगाला सोसतंय का बघायचं असतं. अक्कानं विचारलं नाही आणि थांबलीही नाही. दोन मिनिटांत यमुनेच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास कोंडला. अक्कानं धावत दुसरं इंजेक्शन देऊन तिला परत आणलं, हे खरं. चांगलं आणलं, हेही खरं. पण कागदावर तिनं लिहिलं, 'रुग्ण उपाशी असल्याने चक्कर', आणि यमुना शुद्धीवर आल्यावर तिला दरडावून सांगितलं, परत उपाशी राहायचं नाही. महिनाअखेरीला रजिस्टरात गोल काढला.

त्यानंतर कधी यमुना आली की अक्का तिला स्वतःच तपासायची, ते औषध तिच्या वाट्याला जाऊ द्यायची नाही. लिहायची काय गरज, मी आहे की, असं तिनं स्वतःला नऊ वर्षं सांगितलं. काल मात्र ती कारवारला होती, जोखमीचे पाच प्रकार लिहून घेत.

तिनं डॉक्टरांकडे बघितलं. लाल-पिवळ्या कॅप्सूल असणार. त्याच घराण्यातलं औषध. डॉक्टरांनी विचारलं नसेल असंही नाही, ही पोरगी विचारल्याशिवाय देणारी नव्हे. विचारलं असणार, की कधी इंजेक्शन बाधलं होतं का? आणि यमुना म्हणाली असणार, बाधलं न्हाई, मी उपाशी हुते. जुना कागद काढून बघितला तरी त्यावर तेच. अक्काच्याच अक्षरात.

आणि यमुनेनं कमरेची पिशवी सोडून पाकीट बाहेर काढलं होतं. शेजारणीकडून पाण्याचा तांब्या मागत होती.

"यमुने, ती गोळी तोंडात घालू नको." अक्का उठून उभी राहिली होती. "ठेव खाली. ठेव म्हणतोय न्हवं!"

सगळा चव्हाटा तिच्याकडे वळला. यमुनेनं पाकीट मांडीवर ठेवलं. धाकलूमामा म्हणाला की अक्का, सांगायचं असंल तर कानात सांगा, मी सांगतो, नाव घ्यायची रीत न्हाई.

"दुसऱ्याचं घ्यायची न्हाई," अक्का म्हणाली. "मी माझं घेतोय. यमुना उपाशी हुती म्हणून पडली न्हाई. इंजेक्शन तिला सोसलं न्हाई, आणि सोसतंय काय ते बघायचं काम माझं, ह्या सुमनचं हुतं. बस हॉर्न मारत हुती म्हणून मी बघितलं न्हाई. आणि वर लिवलं, बाई उपाशी हुती. ह्या गोळ्या त्यातल्याच हायत. ती मेली असती, तवाबी आणि आताबी."

एवढं बोलून तिला रडू फुटलं. बावीस वर्षांत फणसखोलानं सुमनअक्काला रडताना बघितलं नव्हतं, ती रडवणाऱ्यांतली. डॉक्टर शिल्पा दगडावरून उठल्या, यमुनेच्या मांडीवरचं पाकीट उचललं आणि मुठीत घट्ट धरलं. धाकलूमामानं घसा खाकरला, शिळेकडे तोंड केलं आणि म्हणाला, "बा म्हाराजा, ऐकलंस. माणूस वाचलं. चुकलं म्हणून पदरात घे."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले. पण एक आवाज त्यात नव्हता.

"म्हंजे मी उपाशी हुते ही चूक न्हवं?" यमुनेनं विचारलं.

"न्हवं गं. तुझी कायबी चूक न्हाई."

यमुनेला राग यायला हवा होता, आणि तो आलाही, पण भलत्याच वाटेनं आला. "मग माझं सोमवार?" ती म्हणाली. "नऊ वर्सं मी महादेवाला तोंड दाखवलं न्हाई. दर सोमवारी जेवताना घास घशात अडकायचा. ते कुणी भरून द्यायचं?"

अक्कानं डोळे पुसले आणि घाईघाईत म्हणाली, मी धरीन. किती? डॉक्टरांनी मोबाईल काढून गुणाकार केला, कारण गुणाकार दिसला की त्यांना राहवत नाही. चारशे अडुसष्ट. आकडा ऐकून अक्काचा चेहरा पडला, पण तोवर मामानं देवाला सांगून टाकलं होतं आणि गावानं 'व्हय म्हाराजा' म्हणून शिक्काही मारला होता. आता देवसुद्धा मागं घेऊ शकत नव्हता. आणि कवळ्याचा सोमवार म्हणजे तुमच्या शाबुदाण्याचा नव्हे. दिवसभर नुसतं पाणी, चहासुद्धा नाही, आणि उन्हं उतरल्यावर कंद.

त्या आठवड्यात रजिस्टर पहिल्यांदा खिळ्यावर कमी आणि टेबलावर जास्त राहिलं. बावीस चुका लिहून झाल्या. पहिली अक्कानं स्वतःची लिहिली, स्वतःचं नाव घालून, घडी न घालता. पुढच्या रकान्यात काय सुधारणा केली ते लिहायचं होतं. बाटल्या वेगळ्या फळीवर. टोचून थांबल्याशिवाय ते इंजेक्शन नाही. ज्याला जे औषध बाधतं त्याच्या कागदावर ते लाल शाईनं, आणि मनगटात लाल दोरा, म्हणजे अक्का कारवारला असली तरी दोरा गावातच असणार. दोरा धाकलूमामानं बांधायचा ठरल्यामुळं गावात त्याला भलताच भाव आला. सावित्रीबाय तर सुनेच्या हातची भाकरी आपल्याला बाधते म्हणून दोरा मागायला आली. तिला समजावताना गणपतीची दुपार गेली. आणि या सगळ्याच्या खाली अक्कानं लिहिलं, 'सोमवार ४६८, जबाबदार व्यक्ती सुमन.' हे काढून टाकू या का, असं डॉक्टरांनी दबकत विचारलं. अक्का म्हणाली, खरं लिवायचं म्हणाला हुता न्हवं?

सोमवारी तुकडी आली. मोठे साहेब गोरेगोमटे, चष्म्याचे, कंटाळलेले. तीन दवाखाने करून आले होते. रजिस्टर हातात घेतलं, आणि खुर्ची ओढून बसले. एक पान, दोन पानं. कोकमाच्या बाटल्यांपाशी त्यांनी चष्मा वर केला. यमुनेच्या पानावर बराच वेळ थांबले आणि मग विचारलं की हे चारशे अडुसष्ट काय? अक्कानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी खोली बघितली, टेबल बघितलं, दिव्याला बॅटरी लावलीय ती लावून बघितली, थर्मामीटर अजून बंद का म्हणून चार शब्द सुनावले. निघताना म्हणाले, "सकाळपासून तीन ठिकाणी नुसती शून्यं बघितली. खोली चालू राहू दे. मी लिहितो तसं."

मग एकच धांदल उडाली. पोहे आले, चहा आला, गणपतीनं डॉक्टरांना आणि डॉक्टरांनी गणपतीला शाबासकी दिली, कोणीतरी अक्काच्या हातात कप दिला. पोहे तिनं नको म्हणून सांगितले. गाडी धूळ उडवत गेली तेव्हा अक्का खोलीच्या दारात उभी होती. तिनं चौकटीवरून एकदा हात फिरवला.

पाच वाजता दुसरी तपासणी आली. लंगडत, पायाला ताजी पट्टी, मनगटात लाल दोरा, काखेत पिशवी. यमुना बाकावर बसली, आधी ढेकूण आहेत का बघून.

"काय खाल्लं आज?"

"काय न्हाई," अक्का म्हणाली. "पाणी."

"च्या?"

बावीस वर्षांची सवय अक्काच्या जिभेच्या टोकावर आली होती. 'कप हातात धरला' म्हटलं असतं तर ते खोटंही नव्हतं. यमुना वाट बघत होती.

"अर्धा कप," अक्का म्हणाली. "साहेब खोली ऱ्हाऊ दे म्हणाला, त्या आनंदात इसरूनशान घेतला."

"मग आजचा धरायचा न्हाई," यमुना म्हणाली. "लिव तसं."

अक्कानं रजिस्टर ओढलं. सोमवारांच्या ओळीपुढं, किती पुरे झाले त्या रकान्यात, तिनं एक गोल काढला. शून्य. आणि यमुनेला दाखवला. यमुनेनं तो नीट बघितला, पेन घेतलं आणि खाली आपली सही केली, पुरी पाच मिनिटं लावून.

मग तिनं पिशवीतून केळीच्या पानाची पुडी काढली. आत उकडलेली कणगी होती, कोकणातले बारके कंद, अजून कोमट. उन्हं उतरलीच होती. "पुढच्या सोमवारपासनं मीबी धरतोय," ती म्हणाली. "आज तुझा मोडलाच हाय, तर खा आता." अक्कानं एक कणगी उचलली, साल काढली, अर्धी तिला दिली आणि दोघी बाकावर बसून खाऊ लागल्या. मीठ आणायचं राहिलं होतं. तेही लिहायचं काय, असं अक्कानं विचारलं, तर यमुना म्हणाली, लिव की.